नववी सुई

ट्रेवर वापरलेल्या नऊ सुया होत्या, सुयांच्या डब्यात आठच गेल्या. नववी मी कापसाच्या बोळ्यात विसरले. ट्रे उचलताना ती सफाईवाल्या हरदयालभैयांच्या अंगठ्यात रुतली. मी घाईने उपटली, तर माझ्याही बोटात गेली. त्या सुईच्या रुग्णाला हिपॅटायटिस बी होता.

"टीका लगा है?" वॉर्डच्या इन्चार्ज जोगळेकर मॅडमनी भैयांना लसीबद्दल विचारलं.

"तीनों लगे हैं, मैडमजी. तीसरे के लाने तो छुट्टी के दिन चिरगाँव से आए हते."

"कार्ड?"

"घर पै धरो है."

"मॅडम, यांना धनुर्वाताचं इंजेक्शनही तेच वाटतं," मी हळूच मराठीत म्हणाले.

मॅडमनी नोंदवहीत त्यांच्या नावापुढे प्रश्नचिन्ह काढलं. मग, "अंबिका, तू तर नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेस," म्हणत माझ्यापुढे न विचारताच 'तिन्ही डोस पूर्ण' लिहिलं. मी खाली सही केली.

दोघांचंही रक्त तपासायला गेलं. लसीमुळे तयार झालेलं संरक्षण त्यात मोजतात. आकडा दहाच्या खाली आला तर संरक्षण नाही.



हरदयालभैया : ३८६.
मी : २.