डेनालीवरची स्वस्त फेरी

“सगळ्यात स्वस्त फेरीच दे,” आई तिकीट देणाऱ्या मुलीला म्हणाली. “आजी, ते विमान डेनाली पर्वताच्या अलीकडूनच वळतं. उत्तरेचा कडा दिसत नाही,” मुलगी म्हणाली. बाबा त्याच कड्याखाली बर्फात आहेत, एकोणीस वर्षं. माझं डोकं सणकलं. “आई, पैसे मी भरतेय ना? इथवर येऊन कसला चिक्कूपणा करतेस?” तिनं पर्समधून घडीवर फाटलेला कागद काढून काउंटरवर आपटला. प्रत्येक चढाईआधी बाबा आईला लिहून द्यायचे: ‘पाच वाजता जिथं असेन, तिथून मागे फिरेन.’ शेवटच्या वेळी त्यांचा चढाईतला जोडीदार पाचला फिरला आणि वाचला. “शिखर शंभर पावलांवर होतं म्हणे,” आईचा आवाज चिरकला. “त्या शंभर पावलांपुढे आपण दोघी कोण? मला तुझ्या बाबाला बघायचं नाहीये. हे विमान त्याच्या दारापर्यंत जाऊन वळू दे. बघू दे मेल्याला, मागे कसं फिरतात ते!”