श्वासापुरती खिडकी

बारमागच्या कोंदट स्वयंपाकघरात एक खिडकी व्हावी, एवढीच सुनेची लग्न झाल्यापासूनची मागणी होती. ‘‘भिंत फोडणं म्हणजे काय पोरखेळ आहे?’’ हे सासऱ्यांचे उत्तर घरातल्या चांदीच्या भांड्यासारखे जपलेले होते. उन्हाळा आला की बाहेर निघे आणि पुन्हा जागेवर जाई.

बर्फाळ पेयांचे मशीन घ्यायचे ठरले, तेव्हा विक्रेत्याने दोन चित्रे पुढे ठेवली. ‘‘पाण्यावर थंड होणारं कुठंही कोंबा, साहेब. हे हवेवरचं मात्र पाठीतून श्वास टाकतं. कोंडलंत तर गुदमरून मरेल. त्याच्या पाठीशी भिंतीत खिडकीच हवी.’’

‘‘तूच सांग गं,’’ सासरे म्हणाले. ‘‘धुणार-पुसणार तूच आहेस.’’

आयुष्यात पहिल्यांदाच तिचे मत विचारले गेले होते. ‘‘हवेवरचंच घ्या, बाबा,’’ ती शक्य तितक्या निर्विकारपणे म्हणाली. ‘‘पाणी तरी वाचेल.’’

‘‘शहाणी आहेस! आणि बिचाऱ्या मशीनला कोंडून कसं चालेल? उद्याच गवंडी बोलावतो.’’

गवंडी येण्याआधीच तिने स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीलगतचे सगळे डबे हलवून जागा मोकळी करून ठेवली.

गवंड्याने भिंत फोडली, पण ती बार आणि स्वयंपाकघर यांच्यामधली. आता मशीन गिऱ्हाइकांकडे तोंड करून थंडगार पेय ओतते, आणि पाठीतून निघणारा गरम वारा त्या नव्या खिडकीतून दिवसभर तिच्या अंगावर सोडते.