लाल फडकं

फडकं होतं, पण गाडीवर नव्हतं. नीट घडी करून कोणीतरी ते पान्यांच्या डब्यावर ठेवलं होतं, आणि गाडी उभी होती तिथं नुसता तेलाचा डाग.

जुम्म्याची नमाज पढून आलेला मेहबूब मिस्त्री गॅरेजच्या दारातच थबकला. हात आपोआप कुर्त्याच्या खिशात गेला. कागदात गुंडाळलेला नट तिथंच होता. नमाजात बसल्या-बसल्या मांडीला टोचत होता, तेव्हाही त्यानं स्वतःची समजूत घातली होती, की फडकं बांधलं आहे, गाडी कुठं जात नाही.

काम अर्धं राहिलं की हँडलला लाल फडकं बांधायचं, आणि त्या कामाचा नट डब्यात न टाकता खिशात ठेवायचा, ही त्याची जुनी रीत. त्या फडक्यानं तो कधी हातसुद्धा पुसत नसे. रिसोडात ते बांधलेल्या गाडीला मालकही हात लावत नव्हता. ही मोटारसायकल पुंजाजीची, आणि पुंजाजीलाही हे ठाऊक होतं. पण आज ती घेऊन आला होता त्याचा पोरगा संघदीप, पुण्याहून सुट्टीवर आलेला. हँडल ठकठक वाजतं म्हणाला आणि आईला घेऊन आहेर आणायला बाजारात गेला. मेहबूबनं हँडलखालचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या छर्‍यांच्या वाट्या, बदलला, ग्रीस भरलं, खालचा नट अंदाजानं बसवला. नेमका ताण पाहून वरचा नट आवळायचा तेवढा राहिला, अन् अजान झाली. फडकं बोलतंच की, सांगायचं काय, म्हणून त्यानं कोणाला काही सांगितलं नाही.

समोरच्या टपरीवर रामीबाई चहा गाळत होती. तिनं सगळं पाहिलं होतं. मायलेक बाजारातून घाईघाईनं आले, केनवडला लग्न होतं, वेळ टळत चालली होती. माय पांढरंशुभ्र लुगडं नेसलेली, अन् सीटवर बोटभर धूळ.

"फडकं पाह्यलं अन् म्हणे, बरं झालं, भाईनं सीट पुसाले ठेवलं. पुसली सीट, मायले बसवलं, म्या हाक मारेस्तोवर गेला."

संघदीपचा नंबर नव्हता. पुंजाजीचा फोन बंद. मेहबूबनं पाना घेतला, फडकं खिशात कोंबलं आणि दुकान तसंच उघडं टाकून आपली गाडी केनवडच्या रस्त्याला लावली.

वरचा नट नसला म्हणून गाडी लगेच पडत नाही, हीच तर तिची खोड. ती चालते. खड्ड्याखड्ड्यानं खालचा नट ढिला होत जातो आणि मग एखाद्या खड्ड्यात हँडल हातात राहत नाही. या रस्त्यावर खड्ड्यांना काय तोटा! प्रत्येक खड्ड्यात खिशातला नट मांडीवर आपटत होता. लग्न बौद्धांचं, त्यामुळं रस्त्यावर पांढऱ्या लुगड्यांनाही तोटा नव्हता. मेहबूब एकेका गाडीला गाठायचा, बाई पाहायचा, हँडल पाहायचा आणि पुढं जायचा. एक बाई तर त्याच्यावर डाफरलीसुद्धा. केनवडच्या अलीकडे मोठा गतिरोधक आहे. तिथं त्यानं आधी रस्त्याच्या कडेला पाहिलं. कोणी पडलेलं नव्हतं.

गाडी मांडवाबाहेर उभी दिसली, तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. संघदीपला शोधून त्यानं गाडी मोठ्या स्टँडवर घेतली. खालचा नट नुसत्या बोटानं फिरला. मेहबूबच्या कपाळावर घाम आला. त्यानं नट बेतानं आवळला, हँडल डावीकडे-उजवीकडे फिरवून पाहिलं, मग खिशातला नट काढून वर बसवला आणि पान्यानं कसला.

तेवढ्यात संघदीपची माय, भागिरथा, पाण्याचा पेला घेऊन आली. मेहबूबला पाहून तिला फार बरं वाटलं. जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही म्हणाली.

"रस्त्यानं लय ठकठक वाजून राह्यलं होतं," ती सांगू लागली. "हा म्हणे, माय, उतर, पाहू दे मले. म्या म्हटलं, कायले भेतं? मेहबूबनं आत्ताच हात लावला हाये त्याले. पळव. लगन हुकन."

मेहबूबनं पेला घेतला, पण पाणी प्यायला नाही. "माय, नट माह्या खिशात होता," तो म्हणाला.

"मंग? घेऊन आला ना तू," भागिरथा म्हणाली आणि वंदना सुरू होईल म्हणून मांडवाकडे वळली.

शेवटची तपासणी राहिली होती. मेहबूबनं संघदीपला मागच्या कॅरियरवर दाबून बसवलं, तसं पुढचं चाक अधांतरी झालं. खाली बसून त्यानं चाकाचे दोन्ही दांडे धरले आणि पुढं-मागं ओढून पाहिले. बारीकशी थरथर लागली. त्यानं पुन्हा पान्यानं नट पाहिला. नट घट्ट होता. पुन्हा दांडे धरले. थरथर होतीच.

"हालू नको," तो संघदीपला म्हणाला.

"मी कोठी हालून राह्यलो, भाई," संघदीप म्हणाला. तो मेहबूबच्या हातांकडे पाहत होता.