बावीस आटे

"नट आवळला की काम अर्धं, पिन वाकवली की पुरं. आणि एकदा वाकवलेली पिन सरळ करून परत घालायची नाही. दिसते धड, पण आतून मोडलेली असते ती."

उस्ताद जाऊन कैक वर्षं झाली. पण चाकापाशी उकिडवं बसलं की त्यांचा आवाज अजून मिस्त्रीच्या कानाशी येऊन बसायचा.

पिकअपचं पुढचं एक चाक काढून भिंतीला टेकवलेलं होतं. मिस्त्रीनं स्टेअरिंगच्या हुकमानं चाक वळवणाऱ्या टाय रॉडचं टोक मुठीत धरून हलवलं. आतला गोल सांधा खुळखुळ्यासारखा वाजला.

"ऐकलंस? म्हाताऱ्याची दाढ बरी, इतकं हलतंय हे."

"मामा, दाढ काढा, कवळी बसवा, काय करायचं ते करा, पण आटपा!" किल्ली बोटाभोवती गरगर फिरवत भाची म्हणाली. "मागे चाळीस खुर्च्या भरल्यात. चारच्या आत पोचवायच्यात."

गॅरेजच्या दाराशी एका पालथ्या डब्यावर तिचे वडील बसले होते, डावा पाय पुढे लांब करून. तो गुडघा सहा वर्षं वाकत नव्हता. सहा वर्षांपूर्वी भर दुपारी हीच गाडी सरळसोट रस्ता सोडून पुलाच्या कठड्यावर गेली होती. दाजींना डुलकी लागली असणार, असं लोक म्हणाले. लोकांचं ऐकून ऐकून दाजीही तेच म्हणायला लागले. त्यानंतर त्यांनी स्टेअरिंगला हात लावला नाही. आता मुलगी गाडी चालवायची आणि ते शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबायचे.

मोडलेली गाडी मिस्त्रीनंच ओढून आणली होती. महिनाभर खपून, एक पैसा न घेता पुन्हा रस्त्यावर आणली होती. "भाऊ असावा तर असा," ताई अजून चारचौघांत सांगायची. ती असं म्हणाली की मिस्त्री काहीतरी शोधायला आत जायचा. तिथे शोधण्यासारखं काही नसायचं.

त्यानं नट सुटू न देणारी पिन पकडीनं ओढून काढली, खाचांचा नट सोडला, हातोड्याचे दोन घाव घातले. सांधा टणकन सुटला. मग तो जुनं टोक रॉडवरून फिरवून काढू लागला. जितक्या आट्यांवर जुनं निघेल तितक्याच आट्यांवर नवं बसवायचं, नाहीतर चाक वाकडं बघतं. ओठांतल्या ओठांत तो मोजत होता. चौदा, पंधरा...

"मामा, तुम्ही तरी सांगा हो बाबांना. लायसन्सची मुदत उद्या संपतेय. फॉर्म भरून गाडीत ठेवलाय मी, नुसती सही हवी. तर म्हणतात, राहू दे."

"राहू दे," दाजी म्हणाले. "झोपाळू माणसाला कशाला हवंय लायसन्स? आपला भरवसा आपल्यालाच नाही, तर लोकांनी का ठेवावा?"

ते हसले. मिस्त्रीला हसू आलं नाही. टोक निघून हातात आलं आणि तो त्याच्याकडे बघतच राहिला.

"काय झालं?" भाची म्हणाली.

"आकडा चुकला."

"बावीस," दाजी शांतपणे म्हणाले. "बावीस आटे. मी मोजत होतो."

"बघा! म्हणे झोपाळू," भाची म्हणाली. "मामा डुलक्या घेताहेत आणि बाबा टक्क जागे!"

मिस्त्री खाली वाकला. रॉडचे आटे पुसलेलेच होते, ते त्यानं पुन्हा पुसले. नवं टोक बावीस आट्यांवर बसवलं. सांधा जागेवर घातला, नट आवळला. पाना दोनदा हातातून सटकला.

"झालं ना?" भाचीनं किल्ली मुठीत घट्ट धरली.

"पिन राहिलीय."

त्यानं पकडीकडे पाहिलं आणि तो थिजला. पकडीच्या दाढांत जुनी पिन होती. बोलता बोलता, कळत नकळत, त्याच्या हातांनी ती दाबून दाबून सरळ करून ठेवली होती. अगदी नव्यासारखी.

त्यानं ती बाजूला टाकली. खोक्यातून नवी पिन काढली, नटाच्या खाचेतून आरपार ओवली, दोन्ही पाय फाकवून वाकवले. बोटानं चाचपली. पुन्हा एकदा चाचपली. मग चाक चढवलं, जॅक उतरवला. गाडी सुस्कारा टाकावा तशी चारी चाकांवर बसली.

भाची टुणकन आत चढली. दाजी डब्यावरून उठले आणि पाय ओढत, नेहमीसारखे, शेजारच्या सीटकडे निघाले.

"दाजी, थांबा."

"अहो मामा, चार वाजतील!"

"वाजू देत."

मिस्त्रीनं जमिनीवरची जुनी पिन उचलली. काळ्या तळव्यावर ती लखलखत होती. दाजींनी आधी पिनेकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. भाचीनं सुरू केलेलं इंजिन बंद केलं.

"त्या दिवशी तुम्ही जागे होतात, दाजी," मिस्त्री म्हणाला. "आदल्या दिवशी सांधा मी बदलला होता. नवी पिन नव्हती, दुकान बंद होतं. पिन मी जुनीच घातली होती, अशी सरळ करून."