खांबांचं तोरण

अंधार पडला आणि अंकिताच्या दिशादर्शक यंत्राची सुई डोलायला लागली.

स्पीकरमधून किनाऱ्यावरच्या जुन्या रेडिओ केंद्राची पीं-पीं चालू होती. विमानांना दिशा दाखवणारं ते केंद्र आज कायमचं बंद होणार होतं. दिवसा त्याची दिशा बिनचूक लागायची. रात्री लहरी आभाळावरून परतून यायच्या आणि सुई भरकटायची. अंकितानं वर्षानुवर्षं डोकं फोडून त्यावर उपाय म्हणून नवी अँटेना बनवली होती. पळस्प्याच्या शेतात चार उभे खांब, वर आडवी तार एकही नाही, कारण परतलेल्या लहरी आडव्या तारेतच शिरतात. काल रात्री सुई जागची हलली नव्हती. आज रात्रीही ती स्थिर राहिली तर केंद्र चालू ठेवायचं, असं शेजारी बसलेल्या केंद्राच्या साहेबांनी कबूल केलं होतं.

"वाईट वाटून घेऊ नका, मॅडम," साहेब उठत म्हणाले. "आता सगळं उपग्रहावरच चालतं. मी गाडीतून फोन करून बंद करायला सांगतो."

गाडी हायवेला लागली तसे तिचे वडील, तुळशीराम, बांधावरून आले. "चाय न पिताच गेले सायेब?"

अंकिता खांबांकडे गेली. दोन खांबांमध्ये आंब्याच्या पानांचं तोरण होतं. बाबांनी दुपारी बांधलेलं. सुतळीवर असेल असं धरून चालली होती ती. पाहून बरंही वाटलं होतं. आता पानांखाली हात गेला आणि तांब्याची तार लागली. दोन्ही खांबांना पीळ घालून आवळलेली.

"सुतली वाऱ्यानं तुटते गो," तुळशीराम म्हणाले. "तुजीच तार उरली व्हती. तोरनाबिगर नवीन कामाला हात लावू नाय."

या खांबांचे खड्डे त्यांनीच खणले होते. तिनं साहेबांना फोन लावला. बिझी. पुन्हा लावला. बिझी. मग ती दोन्ही हातांनी तार ओरबाडू लागली.

"तोरन कशाला सोडतंस?"

"पानं सुकलीत, बाबा."

तार सुटली. ती धावत यंत्रापाशी आली. पीं-पीं थांबली होती. स्पीकरमध्ये नुसती खरखर. ती खुर्चीत बसली.

तुळशीराम मागून येऊन सुईवर वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांचा चेहरा खुलला.

"बग गो, आता जरापन हालत नाय," ते म्हणाले. "सायेबांना बोलव मागारी."