शुक्रवारचे पाणी

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी संचिताने नौपाड्यातल्या कार्यालयाचे शटर वर केले, खिडकी उघडली, खालच्या टपरीवाल्याला दोन बोटे दाखवून चहा सांगितला आणि संगणक सुरू केला. दुसरा चहा विनीतसरांचा. ते अजून यायचे होते. अहवाल मात्र कालच छापून टेबलावर ठेवला होता. तिची सही तेवढी राहिली होती.

अहवाल डोंबिवलीतल्या एका कारखान्यातल्या भात्याचे आयुष्य किती उरले, याचा होता. भाता म्हणजे दोन गरम पाइपांमधला स्टेनलेस स्टीलचा घडीदार तुकडा. पाइप तापले की दबणारा, निवले की ताणला जाणारा. दर खेपेला धातू थोडा थकतो. थकव्याची बेरीज एकावर पोचली की तडा. तीन वर्षांची बेरीज ०.६२ आली होती.

तिला खटकत होते ते नोंदींतले शुक्रवार. साप्ताहिक सफाईसाठी दहाला वाफ बंद. अकराला पाइप गार. निवायला सहा तास तरी हवेत.

तिने तिथल्या ऑपरेटरला, कुंडलिकला, फोन लावला.

"दादा, शुक्रवारी भाता तासाभरात गार कसा होतो?"

पलीकडचा यंत्रांचा आवाज दूर गेला. तो बाहेर आला असावा.

"म्याडम, कोण बोललं तुम्हाला?"

"कोणी नाही. नोंदीत दिसतंय."

"रबरी पाइप लावून गार पाणी मारतो त्याच्यावर. सहा तास कोण बसणार? आठवड्यातनं एक दुपार घरी जेवायला मिळते." तो हसला, मग आवाज खाली आला. "पण लिहू नका हां. आमच्या साहेबांना माहितीय सगळं, तरी कागदावर आलं की जाणार मीच. आज शुक्रवारच ना, आता दहाला वाफ बंद झाली की परत मारायचंय."

तापलेल्या धातूवर गार पाणी पडले की एकदम मोठा ताण येतो. संचिताने दीडशे शुक्रवारांचे असे फटके गणितात घातले. मोठा ताण सोसलेल्या धातूला पुढचा लहान ताणही जड जातो, तेही धरले. बेरीज १.०८.

"झाली सही?" विनीतसर दारातूनच म्हणाले. "अकराला कारखान्याचा माणूस येतोय."

"सर, भात्यावर ते दर शुक्रवारी पाणी मारतात. आयुष्य संपलंय त्याचं."

"त्यांनी दिलेल्या माहितीत आहे हे?"

"नाही."

"मग न विचारलेल्याची उत्तरं कशाला देतेस? पुढची तीन कामं त्यांच्याकडेच अडकलीयत." ते आपल्या केबिनमध्ये गेले.

भिंतीवरच्या घड्याळात नऊ पन्नास झाले होते. संचिताने छापील अहवालाचे शेवटचे पान काढून फाडले. नवे लिहिले: भाता बदलेपर्यंत वाफ सोडू नये. 'आधार' या रकान्यात लिहिले: तापमानाच्या नोंदी. कुंडलिकचे नाव कुठेच नव्हते. तिने खाली सही केली, कारखान्याला मेल पाठवला आणि छापील प्रत सरांच्या चहाशेजारी ठेवली. चहावर साय धरली होती.

मग तिने पुन्हा फोन लावला.

"दादा, आज पाणी मारू नका. भात्याजवळ कोणाला उभंही करू नका. आणि वहिनींना सांगा, जेवायला थांबू नका म्हणावं."