दुसरा प्रश्न

काचेच्या बशीत गर्भाच्या वारेचे, तपासणीसाठी काढलेले अकरा तंतू होते. चार ठसठशीत, सात दोऱ्यासारखे बारीक. अर्ध्या तासापूर्वी ते भार्गवीच्या पोटात होते. तिने सवयीने मोजले.

“एवढे पुरतात,” डॉक्टर वसुमती म्हणाल्या. त्या धारवाडच्या, बेंगळुरूत मराठी पेशंट आला की हौसेने मराठी बोलत. “यांना दोन प्रश्न विचारायचे. बाळाला थॅलेसेमिया आहे का? नसेल, तर ते तुमच्या तनयशी जुळतं का? पेशींवर सहा खुणा असतात. सहाच्या सहा जुळल्या, तर जन्मल्यावर नाळेतलं रक्त तनयला देऊन बघू. बरा होऊ शकतो.”

“आणि नाही जुळल्या तर?” भार्गवीने विचारलं.

उत्तर तिच्या नवऱ्याने दिलं. “अकरावाच आठवडा आहे,” सुहास म्हणाला. “गर्भ काढता येतो. पुढच्या वर्षी पुन्हा बघू.”

तो निर्दय नव्हता. थॅलेसेमियामुळे सहा वर्षांच्या तनयला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागे, आणि सुई टोचताना सुहासच त्याला मांडीवर घेऊन बसे. हल्ली शीर लवकर सापडत नसे. हे दुसरं बाळ दोघांनी तनयसाठीच ठरवलं होतं. ठरवताना भार्गवीही होती.

“डॉक्टर, पहिला प्रश्न विचारा,” ती म्हणाली. “दुसरा नको.”

“अगं, काय बोलतेस? त्यासाठीच तर आलोय!”

“जुळतं का ते जन्मल्यावर बघू.”

“वा! रेशीमकेंद्रात रोज हजारो अंडी जाळतेस, तेव्हा नाही गं तुला काही वाटत?”

खरं होतं. येलहंक्याजवळच्या केंद्रात ती रेशीमपतंगांच्या माद्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची. मादी रोगट निघाली की तिची सगळी अंडी आगीत.

“ती रोगट असतात, सुहास. हे रोगट निघालं तर मीच म्हणेन, काढा. पण निरोगी आहे, फक्त आपल्या कामाचं नाही, म्हणून काढायचं? चारांत एखादंच जुळतं. किती वेळा काढणार?”

“तनयसाठी दहा वेळा.”

“आणि मोठा झाल्यावर त्यानेच विचारलं, आई, माझ्यासाठी किती जणांना परत पाठवलंत? आकडा तू सांगशील?”

सुहास उठून खिडकीपाशी गेला.

“स्वल्प थांबा,” डॉक्टर म्हणाल्या. “पोट यांचं आहे. अम्मा, नक्की?”

“नक्की.”

“सरी, ठीक आहे.” त्यांनी बशीवर झाकण ठेवलं. “एकच प्रश्न.”

बाळाला थॅलेसेमिया नव्हता. पुढचे सहा महिने सुहास घरात कामापुरतंच बोलला. सत्त्याण्णवच्या जूनमध्ये मुलगी झाली. तिचं नाव शाल्मली ठेवलं, आणि नाळेतलं रक्त तपासणीला गेलं. तिला झोपवायचं काम पहिल्या दिवसापासून सुहासने दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा ती त्याच्याच खांद्यावर होती. शेजारी स्टुलावर चढलेल्या तनयचं बोट तिने मुठीत घट्ट धरलं होतं. सुहासने मोकळ्या हाताने रिसीव्हर उचलला.

सहापैकी तीन खुणा जुळल्या होत्या.